९७ घरांची मोरी

कपडे धुऊन झाले की मशीनच्या जाळीत एक करडा बोळा अडकलेला असतो. ओला असताना तो बोटांना चिकटतो, वाळला की फुंकरीनं उडतो. चिमटीत धरून टाकून द्यायचा, यापलीकडे त्याचं कुणी काही करत नाही. कॅनडातल्या पॅरी साउंड नावाच्या गावात मात्र एका प्रयोगासाठी ९७ घरांत मशीनच्या नळीवर गाळण्या बसवल्या, आणि घरांनी जाळीतले बोळे साठवून संशोधकांच्या हवाली केले. त्यांचं वजन झालं. आकडा निघाला घरटी आठवड्याला सरासरी ६.४ ग्रॅम, म्हणजे चहाच्या चमच्यानं साधारण दीड चमचा साखर.

या दीड चमच्यात धागे किती, तर १,७९,२०० ते २७,०७,२००. हा हिशोब टोरांटो विद्यापीठाच्या संशोधकांचा. खालच्या आणि वरच्या आकड्यात पंधरा पटींचं अंतर आहे, आणि त्याकडे मी पुढे येणारच आहे. आधी गाव पाहू.

गाव आणि उपसागर

पॅरी साउंड ओंटारिओ प्रांतात, ह्युरॉन सरोवराला लागून असलेल्या जॉर्जियन उपसागराच्या काठावर आहे. वस्ती साडेसहा-सात हजार. आपल्याकडची तालुक्याची गावंही याहून मोठी असतात. गोड्या पाण्यातलं जगातलं सर्वांत खोल नैसर्गिक बंदर म्हणून गावाची ओळख सांगतात, आणि आइस हॉकीचा बॉबी ऑर इथला, हे तर तिथलं कुणीही आधी सांगेल. समोर उपसागरात बेटंच बेटं. ‘तीस हजार बेटं’ हे त्या भागाचं नावच पडलं आहे. उन्हाळा आला की टोरांटोकडची मंडळी काठावरच्या कॉटेजांत उतरतात आणि गाव गजबजतं.

पॉलिएस्टर, अ‍ॅक्रिलिक हे प्लास्टिकच, आणि कपड्यांतून सुटलेले त्यांचे बारीक धागे म्हणजे सूक्ष्म प्लास्टिक. सूक्ष्म प्लास्टिक म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे समुद्र येतो. इथे गोष्ट गोड्या पाण्याची आहे. उत्तर अमेरिकेतल्या पाच महासरोवरांत पृथ्वीच्या पृष्ठभागावरच्या गोड्या पाण्याचा सुमारे पाचवा हिस्सा साठलेला आहे. काठावरची कोट्यवधी माणसं तेच पाणी पितात, त्यातले मासे खातात आणि सांडपाणीही शुद्ध करून त्यातच सोडतात.

गाव निवडण्यामागचं कारण बेटांचं नव्हतं, गटाराचं होतं. टोरांटोत सांडपाण्याची चार मोठी शुद्धीकरण केंद्रं आहेत. तिथे शंभर घरांत काही बदल केला तर तो कुठल्या नळाच्या तोंडाशी जाऊन शोधणार? पॅरी साउंडची मोरी सरळ आहे. नगरपालिकेच्या गटाराला जोडलेल्या सगळ्या घरांचं पाणी एकाच केंद्रात जातं आणि तिथून उपसागरात. एका टोकाला घरं, दुसऱ्या टोकाला एक नळ. प्रयोगाला याहून सोयीचं गाव मिळणं कठीण.

धागा सुटतो कसा

पॉलिएस्टरचं सूत दोन तऱ्हांचं असतं. एक अखंड, रिळावर कितीही लांब जाणारं, ज्याला गिरणीतले लोक फिलामेंट म्हणतात. गुळगुळीत सिंथेटिक साड्या, कोटाचं अस्तर, रेनकोट यांत ते असतं. दुसऱ्या तऱ्हेत तोच धागा आधी बोटभर तुकड्यांत कापतात आणि मग कापसासारखा पिळून त्याचं सूत काढतात. या सुताला जागोजागी मोकळी टोकं असतात. फ्लीस नावाचं जे मऊ, उबदार कापड असतं, त्यात गोष्ट आणखी पुढे जाते. कापड विणून झाल्यावर ते तारेच्या ब्रशांनी मुद्दाम ओरबाडतात, म्हणजे त्यावर लव उभी राहते. ऊब त्या लवेतच असते, आणि सैल धागेही तिथेच. पॅरी साउंडसारख्या गावात, जिथे हिवाळ्यात पारा शून्याच्या खाली वीस अंशांपर्यंत घसरतो, तिथे फ्लीसची जाकिटं आणि पांघरुणं घरोघरी असणारच.

मशीनमध्ये कापडावर कापड घासतं, ओल्या धाग्याला पीळ बसतो, टोकं तुटतात आणि पाण्याबरोबर निघून जातात. केसाहून कितीतरी बारीक, लांबीला अनेकदा मिलीमीटरहून कमी. गाळून काढल्याशिवाय डोळ्यांना दिसत नाहीत.

यावर प्रयोगशाळांतलं काम बरंच झालं आहे. २०११ मध्ये मार्क ब्राउन आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की एका कपड्यातून एका धुण्यात १,९०० हून अधिक धागे सुटू शकतात. २०१६ मध्ये इंग्लंडमधल्या प्लिमथ विद्यापीठात सहा किलो अ‍ॅक्रिलिकच्या कपड्यांच्या एका धुण्यातून सात लाखांवर धागे सुटू शकतात असा अंदाज काढला गेला. २०१९ मध्ये इटलीतल्या संशोधकांनी किलोमागे १२४ ते ३०८ मिलिग्रॅम धागे निघतात असं सांगितलं आणि त्यांची संख्या ६,४०,००० ते १५,००,००० काढली. आकडे चढत गेले म्हणून कपडे वाईट होत गेले असं मात्र नाही. गाळणी बारीक होत गेली.

इथेच ते पंधरा पटींचं अंतर येतं. पॅरी साउंडच्या आकड्यांचा भागाकार करून पाहा. ६.४ ग्रॅमला १,७९,२०० म्हणजे ग्रॅममागे २८,००० धागे, आणि २७,०७,२०० म्हणजे ग्रॅममागे ४,२३,०००. वजन एकच आहे, एका ग्रॅमात किती धागे धरायचे यावर लाखांचा फरक पडतो. इटलीच्या आकड्यांचा असाच भागाकार केला तर ग्रॅममागे पन्नास लाखांच्या आसपास धागे येतात, कारण तिथे अतिशय बारीक छिद्रांच्या गाळणीवर उरलेले धागेही हिशोबात धरले होते. घरच्या जाळीत अडकतात ते मुख्यतः लांब, जाड, एकमेकांत गुंतलेले धागे. म्हणून बातम्यांतला ‘एका धुण्यात इतके लाख धागे’ हा मथळा मी आता फारसा मनावर घेत नाही. वजन सांगा, म्हणजे बोलता येईल. घरटी आठवड्याला ६.४ ग्रॅम म्हणजे वर्षाला साधारण ३३३ ग्रॅम, आणि ९७ घरांचे मिळून ३२ किलो. सत्त्याण्णव घरांतून वर्षाकाठी माणसानं पाठीवर घ्यायच्या पोत्याएवढा करडा कापूस निघतो, हे मला लाखांच्या आकड्यांपेक्षा नीट कळतं.

गाळणी

ज्या गाळण्यांची ही गोष्ट आहे, त्या जन्मल्या वेगळ्याच कामासाठी. उत्तर अमेरिकेत गावाबाहेरच्या घरांना सेप्टिक टँक असते. मशीनमधला कपड्यांचा भुगा टाकीत आणि पुढच्या शोषखड्ड्यात जाऊन बसला की जमीन पाणी प्यायची थांबते आणि घाण उलटी वर येते. तो खर्च टाळायला लोकांनी मशीनच्या नळीवर गाळणी बसवायला सुरुवात केली. तेव्हा सूक्ष्म प्लास्टिक हा शब्दही कुणाच्या डोक्यात नव्हता.

रचना साधी आहे. मशीनच्या शेजारी भिंतीवर एक नळकांडं बसवतात. मशीनमधून पाणी बाहेर टाकणारी नळी त्यात सोडतात. आत बारीक जाळीची पिशवी किंवा स्टीलची जाळी असते. पाणी तिच्यातून गाळून मोरीकडे जातं. जाळीची छिद्रं मिलीमीटरच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास असतात, आणि धागा तर जाडीला त्याहून पाच-दहा पटींनी बारीक. मग तो अडकतो कसा? एक तर तो आडवा येतो. दुसरं, चहाच्या गाळणीत थोडा चोथा साचला की पुढचा चहा आणखी स्वच्छ उतरतो, तसंच इथे होतं. जाळीवर धाग्यांची साय धरते आणि ती साय पुढच्या धाग्यांना धरते. पण चोथा फार झाला की चहा वरून सांडतो, तेही इथे होतं. म्हणून जाळी काही धुण्यांनी रिकामी करावी लागते. हे काम माणसानं करायचं आहे, आणि सगळं प्रकरण शेवटी तिथेच येऊन ठेपतं.

गावात जाण्याआधी टोरांटोच्या चेल्सी रॉकमन यांच्या प्रयोगशाळेनं दोन उपाय तपासून पाहिले होते. फ्लीसची पांघरुणं धुतली. नळीवरच्या गाळणीनं संख्येनं सरासरी ८७ टक्के धागे पकडले. कपड्यांबरोबर मशीनमध्ये टाकायच्या प्लास्टिकच्या चेंडूनं, ज्याचं नाव कोरा बॉल, २६ टक्के. हा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. पुढच्याच वर्षी प्लिमथच्या गटानं अशाच साधनांची तुलना केली. तिथे बाहेरून बसवायच्या एक्सफिल्ट्रा या गाळणीनं वजनात ७८ टक्के घट दिली, आणि कपडे आत भरून धुवायच्या गपीफ्रेंड या जर्मन पिशवीनं ५४ टक्के. चेंडूचा मोह मला कळतो, टाकला की झालं. पण कपड्यांत फिरणाऱ्या वस्तूपेक्षा नळीच्या तोंडाशी बसलेला पहारेकरी बरा, एवढं या आकड्यांवरून दिसतं.

गावातला प्रयोग

जॉर्जियन बे फॉरएव्हर ही उपसागराच्या पाण्यासाठी काम करणारी स्थानिक संस्था आणि रॉकमन यांची प्रयोगशाळा यांनी मिळून गावातल्या ९७ घरांत गाळण्या बसवल्या. शुद्धीकरण केंद्राला जोडलेल्या घरांपैकी ही सुमारे दहा टक्के. केंद्रातून शुद्ध होऊन बाहेर पडणाऱ्या पाण्याचे नमुने गाळण्या बसवण्याआधी घेतले आणि नंतर घेतले. घरांनी जाळीतला बोळा साठवून दिला. लिसा एर्डल यांचा याबद्दलचा शोधनिबंध २०२१ मध्ये ‘फ्रंटियर्स इन मरीन सायन्स’ या नियतकालिकात आला.

निष्कर्ष असा की केंद्रातून बाहेर पडणाऱ्या पाण्यातले धागे लक्षणीयरीत्या कमी झाले. सरासरी ४१ टक्के.

मी हा आकडा पहिल्यांदा वाचला तेव्हा आनंद झाला. चहा होईपर्यंत मात्र शंका आली. दहा टक्के घरांत गाळण्या बसवल्या आणि धागे ४१ टक्के घटले? सगळी घरं सारखीच धुणी धूत असतील आणि गाळणी एकही धागा सोडत नसेल, तरी घट दहा टक्क्यांच्या वर जाता कामा नये. ४१ टक्के यायची तर या ९७ घरांपैकी प्रत्येकानं इतर घरांच्या सहापट धागे गटारात सोडलेले असले पाहिजेत. गाळणीची पकड प्रयोगशाळेतल्यासारखी ८७ टक्के धरली तर आठपट. कितीही हौशी, टापटिपीचं घर असलं तरी शेजाऱ्याच्या आठपट फ्लीस कोण धुणार?

मग उरलेलं कुठून आलं? काही शक्यता डोळ्यांपुढे येतात. साडेसहा हजारांच्या गावात शंभर घरांत नळकांडी बसतात तेव्हा बाकीच्यांनाही ते कळतं. दुकानात, चर्चमध्ये, हॉकीच्या मैदानावर बोलणं होतं. गाळणी नसलेल्या घरांनीही कमी वेळा, थंड पाण्यात, भरलेल्या मशीननं धुवायला सुरुवात केली असेल. दुसरी शक्यता कोरडी आहे, म्हणूनच मला ती जास्त पटते. केंद्रातून बाहेर पडणारं पाणी दिवसागणिक बदलतं. पाऊस पडला की गटारात जमिनीतलं पाणी झिरपतं आणि सगळं पातळ होतं. उन्हाळ्यात माणसं वाढतात, थंडीत स्वेटर निघतात. केंद्रातल्या टाक्यांचं काम तापमानाप्रमाणे कमी-जास्त होतं. ‘आधी’ आणि ‘नंतर’ यांची तुलना करताना हे सगळं त्या एका आकड्यात मिसळतं.

म्हणून मी या प्रकरणातून दिशा घेते, माप घेत नाही. धागे कमी झाले हे मान्य. किती कमी झाले हे मी ४१ च्या भरवशावर कुणाला सांगणार नाही. मला विचाराल तर प्रयोगातला सर्वांत भक्कम आकडा नळाच्या तोंडाशी सापडलाच नाही, तो बोळ्यांच्या वजनात आहे. ६.४ ग्रॅम कुणाच्याही हातावर ठेवता येतात, आणि ते गटारात गेले नाहीत याबद्दल वाद घालायला जागा नाही.

अडवलेला धागा जातो कुठे

सांडपाणी केंद्रं धागे अडवत नाहीत असं नाही. उलट ती फार चांगलं अडवतात. ग्लासगोजवळच्या एका केंद्राचा अभ्यास २०१६ मध्ये झाला. साडेसहा लाख लोकवस्तीचं सांडपाणी घेणारं ते केंद्र सूक्ष्म प्लास्टिकचे ९८.४१ टक्के कण काढून टाकत होतं. तरीही दिवसाला सुमारे साडेसहा कोटी कण नदीत जातच होते, कारण पाणीच प्रचंड. मग काढून टाकलेल्या ९८ टक्क्यांचं काय? ते गाळात बसतात. हा गाळ अनेक देशांत, ओंटारिओतही, शेतात खत म्हणून घातला जातो. पाण्यातून काढलेला धागा मातीत जातो.

हे धरलं तर पॅरी साउंडच्या प्रयोगाचा अर्थ थोडा बदलतो. घरच्या जाळीत अडकलेल्या ६.४ ग्रॅमपैकी बहुतेक भाग एरवी उपसागरात गेलाच नसता, तो केंद्राच्या गाळात गेला असता. गाळणीचा मोठा फायदा म्हणजे शेतात जाणारा गाळ जरा स्वच्छ होतो. मोजलं मात्र पाणी, कारण लोकांना काळजी पाण्याची. यात संशोधकांचा दोष नाही. उपसागरासाठी काम करणाऱ्या संस्थेकडे आणखी कशाचं उत्तर मागणार? पण हे प्रकरण वाचणाऱ्यानं ते ध्यानात ठेवलेलं बरं.

आणि एक वाट उघडीच राहिली, हवेची. कॅनडात कपडे दोरीवर क्वचितच वाळतात, ते ड्रायरमध्ये जातात, आणि ड्रायरचं तोंड भिंतीतून थेट बाहेर उघडतं. अमेरिकेत दोन संशोधिकांनी यावर फार देखणा प्रयोग केला होता. त्यांनी गुलाबी फ्लीसची पांघरुणं ड्रायरमध्ये वाळवली आणि बाहेरच्या पांढऱ्याशुभ्र बर्फात गुलाबी धागे शोधले. ते ड्रायरच्या तोंडापासून तीस फुटांवरच्या बर्फातही सापडले. त्या दोघींपैकी रेचल मिलर म्हणजे वर आलेल्या कोरा बॉलची कर्ती. आपलं साधन एक दार बंद करतं आणि दुसरं उघडं आहे, हे स्वतःच्याच हातानं दाखवून देणारी माणसं मला आवडतात.

शिवाय जाळीतल्या बोळ्यात सगळं प्लास्टिक नसतं. सुती, लोकरी, जीन्सचे निळे धागे, केस, मांजर असेल तर मांजराचेही. सहा महासागरी क्षेत्रांतल्या ९१६ नमुन्यांचा एक अभ्यास २०२० मध्ये आला. त्यात पाण्यातल्या धाग्यांपैकी खरे कृत्रिम फक्त ८.२ टक्के निघाले, जवळजवळ ८० टक्के कापूस किंवा त्याच्या जातीचे. म्हणजे प्लास्टिकची भीती खोटी होती असं कुणाला वाटेल. मला तसं वाटत नाही. सुती धाग्यावरही रंग आणि रसायनं बसलेली असतात आणि तो वाटतो तितक्या लवकर कुजत नाही. पण ‘सुती वापरा, प्रश्न मिटला’ हे सांगणंही फार सोपं आहे. गाळणीला हा भेद कळत नाही, ती सगळंच धरते.

कायद्याच्या दारात

फ्रान्सनं २०२० च्या कायद्यात तरतूद केली की १ जानेवारी २०२५ पासून नव्या वॉशिंग मशीनना धागे अडवणारी गाळणी असावी. ओंटारिओच्या विधानसभेत २०२१ मध्ये याच विषयावर एक खासगी विधेयक आलं, पण त्याचा कायदा झाला नाही. कॅलिफोर्नियात २०२३ मध्ये विधिमंडळानं विधेयक मंजूर केलं होतं. २०२९ पासून विकल्या जाणाऱ्या नव्या मशीनमध्ये १०० मायक्रॉन, म्हणजे मिलीमीटरचा दहावा हिस्सा, किंवा त्याहून बारीक जाळी हवी, असं त्यात होतं. गव्हर्नर गॅव्हिन न्यूसम यांनी ऑक्टोबरमध्ये ते सही न करता परत पाठवलं. ग्राहकांवर पडणाऱ्या खर्चाची काळजी त्यांनी बोलून दाखवली आणि सक्तीपेक्षा सवलती बऱ्या असं सुचवलं.

खर्चाचा मुद्दा पोकळ नाही. पण सवलतीनं पॅरी साउंडसारखी शंभर उत्साही घरं मिळतात, दहा हजार नाही. उत्साही माणूस जाळी वेळेवर रिकामी करतो. बाकीचे ती तुंबेपर्यंत वाट पाहतात, आणि मग पाणी घरात येऊ नये म्हणून बाजूनं निघून जायची जी सोय ठेवलेली असते, तिच्यातून धागे बिनबोभाट पसार होतात. मशीनच्या आतच गाळणी असावी, ती भरल्यावर मशीननं सांगावं आणि रिकामी केल्याशिवाय पुढचं धुणं सुरू होऊ नये, असं झालं तरच काही होईल. तुर्कस्तानच्या आर्चेलिक कंपनीनं ग्रुंडिग या नावाखाली आतच गाळणी असलेलं मशीन आणलंही आहे.

गाळणीशिवाय होण्यासारखंही बरंच आहे आणि त्याला कुणाच्या सहीची गरज नाही. इंग्लंडमधल्या नॉर्थंब्रिया विद्यापीठात, साबण बनवणाऱ्या एका मोठ्या कंपनीच्या मदतीनं झालेल्या अभ्यासात १५ अंशांच्या पाण्यात अर्ध्या तासाचं धुणं हे ४० अंशांच्या ८५ मिनिटांच्या धुण्यापेक्षा सुमारे ३० टक्के कमी धागे सोडत होतं. न्यूकॅसलमधल्या अभ्यासानं दाखवलं की ज्याला ‘डेलिकेट’ म्हणतात ते नाजूक धुणंच जास्त धागे सोडतं, कारण त्यात पाणी जास्त असतं. नावावर जायचं नाही, पाण्याच्या मापावर जायचं. अर्ध्या भरलेल्या मशीनचंही तेच. आणि सर्वांत वरचं टोक म्हणजे कापड बनवणारा. सूत कसं घेतलं, कड कात्रीनं कापली की लेसरनं, पहिली दोन-चार धुणी गिरणीतच झाली का, यावर घरातल्या जाळीत काय येणार ते ठरतं.

आपल्याकडचं पाणी

पॅरी साउंडचा प्रयोग जसाच्या तसा महाराष्ट्रात उचलून आणता येणार नाही. तिथे घरांच्या पुढे एक केंद्र होतं. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२०-२१ च्या आकड्यांप्रमाणे देशातल्या शहरांत दिवसाला ७२,३६८ दशलक्ष लिटर सांडपाणी तयार होतं आणि प्रत्यक्षात शुद्ध होतं २०,२३६ दशलक्ष लिटर. उरलेल्या पाण्याच्या वाटेत गाळ धरायलाही कुणी उभं नाही, ते ओढ्यातून नदीत जातं. याचा उलटा अर्थ असा की इथे घरात अडवलेला प्रत्येक ग्रॅम जास्त मोलाचा आहे. तिकडे तो बहुतेक गाळात गेला असता, इकडे तो खरोखर नदीत गेला असता.

काही बाबतींत मात्र आपण नकळत बरे आहोत. ड्रायर नाही, दोरी आहे. गरम पाण्यानं धुणं क्वचित. हातानं धुणं अजून संपलेलं नाही. चीनमधल्या एका अभ्यासात शंभर टक्के पॉलिएस्टरचं कापड हातानं धुतलं तेव्हा सरासरी १,८५३ धागे निघाले, मशीनमध्ये २३,७२३. धुण्याच्या फळीवर घासलं की आकडा वाढत होता, हेही त्यात होतं. ते वाचून मला आमच्या गावाकडचा विहिरीजवळचा दगड आठवला. आपटून आपटून धुणाऱ्या बायका धाग्यांचा काय हिशोब देणार? पण टेरिकॉटची पँट आणि गुळगुळीत सिंथेटिक साडी या फ्लीसच्या जातीच्या नाहीत. अखंड धाग्याचं कापड कमी झडतं. ते दिवस आता मागे पडत आहेत. रस्त्यावर दीडशे रुपयांना मिळणारं लवदार जॅकेट आणि थंडीत घरोघर दिसणारं मऊ मिंक ब्लँकेट, हे आपल्या जाळीत नव्यानं आलेले पाहुणे आहेत.

खरी जागा माझ्या मते घराच्याही आधी आहे. इचलकरंजीच्या प्रोसेस हाऊसचं, म्हणजे कापड धुऊन रंगवणाऱ्या कारखान्यांचं पाणी आणि पंचगंगा यांचं नातं कोल्हापूरकडचं शेंबडं पोरही सांगेल. तिथे चर्चा होते ती रंगाची, रसायनांची, मेलेल्या माशांची. कापड पहिल्यांदा भिजतं, घासलं जातं ते तिथे. पॅरी साउंडमध्ये ९७ घरांच्या नळ्या धराव्या लागल्या. इचलकरंजीत किंवा भिवंडीत मोजक्या नळांच्या तोंडाशी जाळी धरली आणि आधीचं-नंतरचं पाणी मोजलं, तर ते काम शंभर कुटुंबांच्या मिनतवाऱ्या न करता होईल. आणि जमलंच तर वजनात मोजावं.

आमच्या घरी टॉप लोड मशीन आहे. टबाच्या आतल्या भिंतीवर जाळीची छोटी पिशवी असते, ती आई दर रविवारी उलटी करून बेसिनच्या नळाखाली खळखळून धुते. पिशवी लख्ख होते, आणि अडकलेलं सगळं परत त्याच गटारात जातं. पॅरी साउंडबद्दल वाचल्यावर मी तिला हे सांगितलं.

“मग काय वाळत घालू आता कचरा?” ती म्हणाली.

तेच करायचं होतं. आता पिशवी वर्तमानपत्राच्या कागदावर उलटी होते आणि बोळा बाथरूमच्या खिडकीत वाळतो. बाल्कनीत नाही, तिथे वारा असतो. वाळला की कागदाची पुडी. पहिली पुडी टाकायला आई स्वतःच खाली गेली. कचरा न्यायला येणाऱ्या ताईंनी ती उघडून बघितली, बोटानं दाबली आणि विचारलं, “हे काय, ओल्यात टाकायचं का सुक्यात?”

आईनं माझ्याकडे पाहिलं. कापूस, प्लास्टिक, आम्हा दोघींचे केस, सगळं त्यात होतं. मला उत्तर सुचेना.

“सुक्यातच की,” आई म्हणाली. “आठवडाभर वाळवलाय.”